मेंदूतलं सायलिडेज मोजताना: परवानगीच्या अर्जापासून तोंडी परीक्षेपर्यंत

मेंदूतल्या प्रथिनांवरचं सायलिक अ‍ॅसिड कापून काढणाऱ्या एन्झाइमांची, म्हणजे सायलिडेजेसची, क्रिया मोजायची, हे माझ्या प्रबंधातल्या एका प्रकरणाचं काम होतं. विषयाला मंजुरी मिळाली जूनमध्ये आणि तोंडी परीक्षा झाली ती पुढच्याच्या पुढच्या वर्षी मार्चमध्ये. शोधनिबंधांत 'पद्धती' या मथळ्याखाली एक ओळ असते: 'सायलिडेजची क्रिया ४-एमयू-नाना (एन्झाइमने तोडला की चमकणारा एक बनवलेला पदार्थ) वापरून मोजली.' ती ओळ मला स्वतःच्या प्रबंधात निर्धास्तपणे लिहिता येईपर्यंत बराच काळ गेला. आणि शेवटी कळलं ते हे, की माझ्या प्रश्नाचं उत्तर त्या ओळीत नव्हतंच. हेच काम ज्यांच्या अंगावर नुकतंच येऊन पडलंय, त्यांच्यासाठी हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

जून-जुलै वाचनात गेले. सायलिक अ‍ॅसिड ही नऊ कार्बनांची आम्लधर्मी शर्करा. पेशीच्या पृष्ठभागावर ज्या शर्करासाखळ्या असतात, त्यांच्या अगदी टोकाला ती बसते आणि ऋणभार बाळगते. गुन्नार ब्लिक्स यांनी १९३६ मध्ये गुरांच्या लाळग्रंथीतल्या म्युसिनपासून ती वेगळी केली. एर्न्स्ट क्लेंक यांना १९४१ मध्ये मेंदूतल्या लिपिडांमधून हेच कूळ सापडलं. मेंदूत ती शरीरातल्या इतर कुठल्याही अवयवापेक्षा जास्त असते. इथवर वाचताना मजा आली. मग काटा टोचला: मेंदूतलं बहुतेक सायलिक अ‍ॅसिड प्रथिनांवर नसतंच, ते असतं गँग्लिओसाइड नावाच्या लिपिडांवर. प्रथिनांच्या वाट्याला साधारण एक तृतीयांश येतं. आणि माझ्या विषयात शब्द होता 'प्रथिनांवरचं'.

सस्तन प्राण्यांत सायलिडेजेस चार. न्यू-१ लायसोसोममध्ये (पेशीतल्या कचरा पचवणाऱ्या पिशवीत), न्यू-२ पेशीद्रवात, न्यू-३ पेशीपटलावर आणि न्यू-४ पेशीच्या आतल्या पटलांवर. या चौथ्याचा नेमका पत्ता कोणी लायसोसोम सांगतं, कोणी मायटोकाँड्रिया. न्यू-१ एकटं काम करत नाही, कॅथेप्सिन-ए हे दुसरं प्रथिन सोबत असेल तरच ते टिकतं. न्यू-१ च्या जनुकात बिघाड झाला तर सायलिडोसिस हा आजार होतो, कॅथेप्सिन-ए मध्ये झाला तर गॅलॅक्टोसायलिडोसिस. न्यू-३ ला गँग्लिओसाइड आवडतात, प्रथिनांकडे ते फारसं बघत नाही. न्यू-४ प्रौढ मेंदूत बऱ्यापैकी असतं आणि प्रथिनं, लिपिडं, दोन्हींवर चालतं. न्यू-२ मेंदूत नगण्य.

हे सगळं मोजायचं तरी कशाला, असं घरच्यांपासून खरेदी विभागातल्या बाबूंपर्यंत सगळ्यांनी विचारलं. मी दोन उदाहरणं तयार ठेवली होती. टे-सॅक्स हा माणसाच्या बाळांचा जीवघेणा आजार. पण त्याच जनुकात बिघाड केलेले उंदीर बऱ्यापैकी ठणठणीत राहतात, कारण त्यांच्यातलं सायलिडेज साठत चाललेल्या गँग्लिओसाइडवरचं सायलिक अ‍ॅसिड कापून त्याला दुसऱ्या वाटेने पुढे ढकलतं. दुसरं उदाहरण मेंदूतल्या संरक्षक पेशींचं, मायक्रोग्लियाचं. त्या चेतावल्या की न्यू-१ त्यांच्या पृष्ठभागावर येतं, तिथलं सायलिक अ‍ॅसिड कापतं आणि त्या पेशी जास्त भक्षण करू लागतात. टे-सॅक्सचं उदाहरण लिपिडाचं होतं, हे कुणी पकडलं नाही. तोंडी परीक्षेत पकडलं, ते पुढे येईलच.

ऑगस्टमध्ये प्राणी नीतिसमितीचा अर्ज भरला. अर्ज पाहून पोटात गोळा आला होता, हे खरं. प्रजाती, वंश, लिंग, वय, संख्या, संख्येचं समर्थन, भूल कशी देणार, मृत्यू कसा देणार, उरलेल्या अवशेषांचं काय करणार. 'पर्याय, घट, सुधारणा' या तीन तत्त्वांवर वेगळा रकाना होता. ही तत्त्वं रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये मांडली आणि आजही जवळपास प्रत्येक समितीचा अर्ज त्यांच्याभोवतीच फिरतो. माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "संख्येच्या रकान्यात गोल आकडा लिहू नकोस, कुठून आला ते विचारतील. गट किती, एका गटात किती आणि का, ते गणित दाखव."

मी दाखवलं. समितीने अर्ज परत पाठवला, पण प्रश्न चांगला विचारला होता: तुम्हाला फक्त ऊती हवी आहे, तर शेजारच्या प्रयोगशाळेच्या मंजूर प्रकल्पातल्या कंट्रोल गटाचे मेंदू का वापरत नाही? त्या प्रकल्पात फक्त यकृत आणि मूत्रपिंड घेत होते, मेंदू टाकून दिले जात होते. तेव्हा माझा अर्ज 'ऊती सामायिकीकरण' या वेगळ्या, खूपच छोट्या नमुन्यावर गेला. त्या प्रकल्पाच्या प्रमुखांचं संमतिपत्र, त्यांच्या मंजुरीचा क्रमांक आणि 'माझ्यासाठी एकही जादा प्राणी वापरला जाणार नाही' असं हमीपत्र, एवढंच जोडायचं होतं. तुमच्या संस्थेत असा नमुना आहे का, ते मोठा अर्ज भरायच्या आधी विचारा. मंजुरीचं पत्र यायला ऑक्टोबर उजाडला. समितीची बैठक दोन महिन्यांतून एकदाच होते आणि परत आलेला अर्ज थेट पुढच्या बैठकीतच येतो.

ऊती सामायिक घेताना मात्र एक गोष्ट आधीच खुंटा हलवून पक्की करा: मेंदू फॉर्मलिन किंवा पॅराफॉर्माल्डिहाइडमध्ये घातलेला नसावा. स्लाइडी बनवणारे लोक प्राण्याच्या रक्तवाहिन्यांतूनच ते द्रावण सोडतात. अशा मेंदूत रचना सुरेख राहते, एन्झाइम मात्र कायमचं गप्प होतं.

खरेदीचं प्रकरण समांतर चालू होतं. ४-एमयू-नाना हा बनवलेला सब्स्ट्रेट, म्हणजे एन्झाइम ज्यावर काम करतं तो पदार्थ, आहे: सायलिक अ‍ॅसिडला ४-मिथाइलअंबेलिफेरोन हा चमकणारा रेणू जोडलेला. एन्झाइमने दोघांना तोडलं की सुटा झालेला रेणू चमकतो आणि चमक मोजली की एन्झाइम किती ते कळतं. तो मिळतो मिलिग्रॅममध्ये आणि या कामातला सगळ्यांत महागडा जिन्नस तोच. तीन कोटेशनं हवीत, असा नियम. दोन पुरवठादारांनी दिली, तिसऱ्याने 'साठ्यात नाही' एवढंच कळवलं, आणि 'साठ्यात नाही' हे कोटेशन धरायचं की नाही यावर फाईल बराच काळ एका टेबलावर पडून राहिली. शेवटी ते पत्र 'प्रतिसाद' म्हणून धरलं गेलं. शिकण्यासारखं हे, की नकार आला तरी तो लेखी मागून घ्या. आणि ऑर्डरवर 'बर्फासह, आठवड्याच्या सुरुवातीला पाठवावे' असं लिहून द्या. आमचं पार्सल शुक्रवारी संध्याकाळी आलं आणि सोमवारपर्यंत आवक विभागात बसून राहिलं. कोरडी पावडर होती म्हणून बचावली; द्रावण असतं तर आपोआप तुटून चमकायला लागलं असतं.

पावडर येईपर्यंत हात रिकामे ठेवले नाहीत. ४-मिथाइलअंबेलिफेरोन सुटं, स्वस्त मिळतं. त्यावर स्टँडर्ड कर्व्ह, म्हणजे माहीत असलेल्या प्रमाणांचा तुलनेसाठीचा आलेख, काढून काढून यंत्राची ओळख करून घेतली. ३६५ नॅनोमीटरचा प्रकाश टाकायचा आणि ४५० च्या आसपास वाचायचं. हा रेणू अल्कधर्मी द्रावणातच नीट चमकतो आणि एन्झाइम मात्र आम्लात काम करतं; म्हणून ठरलेल्या वेळी १० च्या वर पीएच असलेला ग्लायसिन बफर ओतायचा. त्याने एन्झाइम थांबतं आणि चमकही उघडते, एका दगडात दोन पक्षी. काळ्या तळाच्या प्लेट वापरा. पारदर्शक प्लेटमध्ये शेजारच्या खड्ड्यातली चमक याच्या आकड्यात मिसळते.

नोव्हेंबरात पहिली ऊती हातात आली. ठरवलेल्या सकाळी शेजारच्या प्रयोगशाळेच्या दारात बर्फाचं भांडं घेऊन उभी होते. कवटी उघडल्यापासून मेंदू बर्फावर येईपर्यंत जेवढा कमी वेळ जाईल तेवढा बरा. वरची आवरणं आणि त्यांच्यातलं रक्त थंड सलाइनने धुऊन काढायचं, कारण हिमोग्लोबिन नेमकी आपली चमक खातं. मग बर्फावरच्या काचेवर प्रमस्तिष्काची साल, हिप्पोकॅम्पस आणि अनुमस्तिष्क वेगळे केले. हिप्पोकॅम्पस सुटा करणं पहिल्यांदा जमेल असं वाटत नव्हतं. सीनियरने चमच्यासारख्या पात्याने साल बाजूला लोटून दाखवली. खाली तो वक्र, पांढुरका, आपलं आपलं टोक असलेला तुकडा दिसला आणि पात्याच्या एका हलक्या रेट्याने बाहेर आला. त्यानंतर भीती गेली.

ही ऊती गोठवून ठेवावी आणि सवडीने मोजावी, असं कुणालाही वाटेल. न्यू-१ च्या बाबतीत तसं करू नका. गोठवणं-वितळवणं आणि सोनिकेशन (ध्वनिलहरींनी ऊती फोडणं), दोन्ही त्याला मानवत नाहीत. म्हणून मी काच आणि टेफ्लॉनच्या हाती होमोजिनायझरमध्ये, थंड सुक्रोज द्रावणात ऊती घोटली आणि त्याच दिवशी मोजली. याचा अर्थ असा, की ऊती मिळण्याचा दिवस, अल्ट्रासेंट्रिफ्यूजचं बुकिंग आणि प्लेट रीडरचं बुकिंग हे तिन्ही एकाच दिवशी जुळलं पाहिजे. तीन वेगळ्या वह्या, तीन वेगळी माणसं. माझ्या सगळ्या प्रकल्पात याहून कठीण काही नव्हतं. शेवटी मी तिन्ही विभागांना महिन्याच्या सुरुवातीलाच एकच तक्ता पाठवायला लागले आणि ऊती नाहीच मिळाली तर आदल्या दिवशी दुपारपर्यंत बुकिंग सोडायचं, असं कबूल केलं. तेवढ्यावर लोक मदत करतात.

अल्ट्रासेंट्रिफ्यूजमध्ये १,००,००० जी (गुरुत्वाकर्षणाच्या लाख पट) बलाला पटलं खाली बसतात आणि पेशीद्रव वर राहतो. पटलांना ट्रायटन एक्स-१०० हा डिटर्जंट लावून सैल करावं लागतं, नाहीतर एन्झाइम आणि सब्स्ट्रेट यांची गाठच पडत नाही. ट्रायटन लावलात की प्रथिनं मोजायची ब्रॅडफर्ड पद्धत बिघडते. बीसीए पद्धत घ्या.

आता ब्लँक, म्हणजे एक घटक मुद्दाम गाळलेली तुलनेची नळी. या एका शब्दावर डिसेंबर सरला. सब्स्ट्रेट आम्लात स्वतःच थोडा तुटतो, म्हणून एन्झाइमशिवाय एक ब्लँक. ऊती स्वतः चमकते, म्हणून सब्स्ट्रेटशिवाय दुसरा. आणि ऊती चमक गिळतेही, म्हणून स्टँडर्ड कर्व्ह शुद्ध बफरमध्ये न काढता ऊती मिसळलेल्या बफरमध्ये काढायचा. हा तिसरा भाग बऱ्याच ठिकाणी केलेला दिसत नाही. मेंदूच्या गढूळ, चरबीयुक्त होमोजिनेटमध्ये (घोटलेल्या ऊतीत) तो फरक दुर्लक्ष करण्याइतका लहान नसतो. चौथा कंट्रोल म्हणजे डाना नावाचा अवरोधक. तो चारही सायलिडेजेस अडवतो. डाना घालून जी चमक उरते, ती सायलिडेजची नाही, एवढं निश्चित. फ्लूवरचं ओसेल्टामिविर घरात असतं म्हणून ते वापरू का, असं मला एका ज्युनियरने विचारलं होतं. नको, ते विषाणूच्या न्यूरामिनिडेजसाठी बेतलेलं आहे, सस्तन प्राण्यांच्या सायलिडेजवर त्याचा फार थोडा असर होतो.

जानेवारीत पहिला विश्वासार्ह आकडा आला. पीएच ४.५ च्या आसपास क्रियेचा उंच डोंगर, तोही पटलांच्या भागात. पेशीद्रवात अगदीच थोडं. वाचलेल्याशी सगळं जुळत होतं. मी आलेख छापून टेबलासमोर चिकटवला. मॅडमनी पाहिला आणि विचारलं, "छान आहे. यात प्रथिन कुठे आहे?"

प्रश्न रास्तच होता. ४-एमयू-नाना ना प्रथिन आहे, ना लिपिड. तो इतका छोटा आणि आज्ञाधारक सब्स्ट्रेट आहे, की न्यू-१, न्यू-३, न्यू-४ सगळेच त्याला कापतात. गँग्लिओसाइडवर जगणारं न्यू-३ सुद्धा या आकड्यात आपली भर घालतं. माझ्याकडे मेंदूतल्या एकूण सायलिडेजचा आकडा होता, आणि विषय होता प्रथिनांवरच्या सायलिक अ‍ॅसिडचा. आलेख मी काढून टाकला नाही, पण त्याच्या खाली पेन्सिलीने 'एकूण' असं लिहिलं.

मग खरं प्रथिन वापरायचं ठरलं. वासराच्या रक्तातलं फेट्युइन यासाठी जुनं आणि सोयीचं: त्याच्यावर दोन्ही प्रकारच्या शर्करासाखळ्या असतात आणि त्यांच्या टोकांना भरपूर सायलिक अ‍ॅसिड. फेट्युइन ऊतीसोबत ठेवायचं आणि सुटलेलं सायलिक अ‍ॅसिड मोजायचं. सुटं सायलिक अ‍ॅसिड मोजायची अभिजात पद्धत लिओनार्ड वॉरन यांनी १९५९ मध्ये दिली, आणि ती करायची तर सोडियम आर्सेनाइट लागतं. म्हणजे विष. म्हणजे आणखी एक समिती.

रासायनिक सुरक्षा समितीचा अर्ज मात्र पटकन मंजूर झाला, कारण त्यांना फक्त तीन गोष्टी हव्या होत्या: कुलूपबंद कपाट, वजनाची नोंदवही आणि आर्सेनिकच्या कचऱ्यासाठी वेगळी, नाव लिहिलेली बाटली. किती ग्रॅम काढलं आणि किती परत गेलं, याची सही प्रत्येक वेळी. कंटाळवाणं वाटतं, पण मला ते आवडायला लागलं. त्या नोंदवहीवरूनच पुढे मला माझ्या प्रयोगांच्या तारखा लावता आल्या.

वॉरन पद्धत हाताने करण्यात जी गंमत आहे ती प्लेट रीडरमध्ये नाही. नळीत नमुना, त्यात तीव्र फॉस्फोरिक आम्लातलं परआयोडेट. वीस मिनिटं थांबायचं. मग आर्सेनाइट घातलं की नळी क्षणात पिवळी-तपकिरी होते. तो रंग पूर्ण जाईपर्यंत हलवत राहायचं, पुसटसाही उरता कामा नये. मग थायोबार्बिट्युरिक आम्ल घालून उकळत्या पाण्यात. बाहेर काढून थंड केल्यावर सायक्लोहेक्झानोन ओतायचं, हलवायचं आणि फिरवायचं. लाल-गुलाबी रंग खालच्या पाण्यातून उठून वरच्या थरात जातो आणि तिथे काचेसारखा स्वच्छ थांबतो. तो ५४९ नॅनोमीटरला वाचायचा. सायक्लोहेक्झानोनचा वास डोक्यात चढतो, हूडखालीच करा, आणि प्लॅस्टिकच्या नळ्या वापरू नका.

या पद्धतीला फक्त सुटं सायलिक अ‍ॅसिड दिसतं, साखळीला जोडलेलं दिसत नाही. आपल्याला तेच हवं असतं. अडचण दुसरी: डीएनएमधून येणारी डीऑक्सिरायबोज हीदेखील असाच रंग देते, फक्त तिचं शिखर ५३२ नॅनोमीटरला असतं. मेंदूच्या कच्च्या होमोजिनेटमध्ये ती असतेच. दोन्ही ठिकाणी वाचून वजावट करायचं सूत्र मूळ पद्धतीतच दिलंय. त्याआधी १,००० जीला केंद्रकं खाली बसवून टाकून दिली तर हा त्रास बराच कमी होतो. एक सोय मात्र मेंदूने आपणहून करून दिली आहे: उंदरा-घुशींच्या इतर अवयवांत सायलिक अ‍ॅसिडचा दुसरा एक प्रकार, एन-ग्लायकोलिल, भरपूर असतो, पण मेंदूत तो जवळजवळ नसतोच. हे सगळ्या सस्तन प्राण्यांत तसंच दिसतं आणि का, याचं पुरतं समाधान देणारं उत्तर मला कुठे वाचायला मिळालं नाही. आपल्यापुरतं, स्टँडर्ड एकच पुरतं.

मार्च-एप्रिलमध्ये आकडे यायला लागले, आणि ते हलत होते. कारण उघड आहे. ऊतीत आधीचं सुटं सायलिक अ‍ॅसिड असतं. ते छोट्या डिसॉल्टिंग कॉलममधून (लहान रेणू मागे ठेवणाऱ्या नळीतून) काढलं. तरीही फेट्युइन न घातलेल्या नळीतही रंग येतच होता, कारण पटलातली एन्झाइमं पटलातल्याच गँग्लिओसाइडना कापत बसतात. ट्रायटन त्यांना आणखी मोकळं रान देतो. म्हणजे फेट्युइनमधून सुटलेलं किती, हे कळण्यासाठी मोठ्या आकड्यातून जवळपास तेवढाच मोठा आकडा वजा करायचा. अशा वजाबाकीत उरतो तो गोंगाट. मे महिना मी सगळ्यात खचलेली होते. प्रयोग चुकत नव्हता, पद्धतच इतकी बारीक वस्तू दाखवू शकत नव्हती, आणि हे मान्य करायलाही वेळ लागतो.

वाट निघाली ती रंग मोजण्याऐवजी फेट्युइनकडेच बघण्यातून. जेलवर प्रथिनं आकारानुसार वेगळी होतात. फेट्युइन आपल्या ठरलेल्या जागी पट्टा देतं आणि गँग्लिओसाइड इतके लहान की ते तळाशी निघून जातात. जेलवरची प्रथिनं एका पातळ पडद्यावर उतरवून घ्यायची (हा ब्लॉट) आणि त्या पट्ट्यावर शेंगदाण्याचं लेक्टिन (शर्करा ओळखून चिकटणारं प्रथिन), पीएनए, सोडायचं. सायलिक अ‍ॅसिड निघून गेल्यावर उघडी पडणारी गॅलॅक्टोज आणि एन-असिटाइलगॅलॅक्टोसामीन यांची जोडी पीएनए ओळखतं. सायलिक अ‍ॅसिड जागेवर असेल तर पट्टा कोरा. निघालं असेल तर पट्टा उजळतो. बॅक्टेरियाचं सायलिडेज लावलेलं फेट्युइन शेजारी ठेवलं की पूर्ण कापलेलं कसं दिसतं तेही कळतं.

यातल्या तीन गोष्टी वाचून कळल्या नसत्या. ब्लॉट झाकायला दूध वापरू नका, दुधातली प्रथिनं स्वतःच शर्करा घेऊन येतात आणि लेक्टिन सगळीकडे चिकटतं. मी शुद्ध बीएसए (गुरांच्या रक्तातलं अल्ब्युमिन) वापरलं. दुसरं, पीएच ४.५ ला कॅथेप्सिन-डी हे प्रथिनं तोडणारं एन्झाइम फेट्युइनच चावून टाकतं, आणि प्रोटिएज अवरोधकांच्या अनेक तयार मिश्रणांत त्याला अडवणारं पेप्स्टॅटिन नसतं. बाटलीवरची यादी वाचा, नसेल तर वेगळं घाला. तिसरी गोष्ट सगळ्यात रंजक: जास्त वेळ ठेवलं की पट्टा आणखी उजळण्याऐवजी फिका व्हायला लागला. सायलिक अ‍ॅसिड निघून गेलं की खालची गॅलॅक्टोज उघडी पडते, आणि लायसोसोममधलं बीटा-गॅलॅक्टोसिडेज ती कापायला टपलेलंच असतं. न्यू-१, कॅथेप्सिन-ए आणि हे तिसरं एन्झाइम, तिघं एकाच संकुलात राहतात. एकाचं काम संपतं तिथे दुसऱ्याचं सुरू होतं आणि पीएनएला ओळखायला काही उरत नाही. उपाय साधा, वेळ कमी ठेवायचा आणि वेगवेगळ्या वेळांचा आलेख काढून सरळ रेषेच्या भागातच मोजायचं.

जुलैपासून सगळं या पद्धतीवर गेलं, आणि खात्रीसाठी काही नमुने दुसऱ्या विभागातल्या एचपीएलसीवर डीएमबी पद्धतीने तपासले. तिथे सायलिक अ‍ॅसिडला चमकणारा टॅग लावून वेगळं करतात; डीऑक्सिरायबोजचा गोंधळ तिथे नाही. यंत्राच्या तासांचं शुल्क आमच्या विभागाच्या खात्यातून दुसऱ्या विभागाच्या खात्यात वळवायचं होतं, त्याला एक स्वतंत्र अर्ज आणि दोन सह्या. त्या सह्या मिळायला नमुने मोजण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

चित्र बदललं. ४-एमयू-नानावर जो डोंगर दिसत होता, त्यातला फेट्युइनच्या वाट्याचा भाग लहान होता. न्यू-१ ला निवडून अडवणारा सी९-बीए-डाना हा अवरोधक घातला, की ४-एमयू-नानावरची क्रिया अर्धवटच उतरली, पण फेट्युइनचा पट्टा जवळजवळ कोराच राहिला. म्हणजे निदान माझ्या परिस्थितीत, आम्ल पीएचला, प्रौढ ऊतीत, प्रथिनावरचं काम मुख्यतः न्यू-१ चं. चारही जनुकांचे आरएनएसुद्धा मोजले, मात्र त्यावर फार भिस्त ठेवली नाही. न्यू-१ चा आरएनए कितीही असला तरी कॅथेप्सिन-ए सोबत नसेल तर एन्झाइम उभं राहत नाही.

मेंदूतलं सगळ्यात प्रसिद्ध सायलिक अ‍ॅसिडवाहक प्रथिन म्हणजे एनकॅम. त्याच्यावर सायलिक अ‍ॅसिडची लांबच लांब माळ असते, जन्मानंतर ती झपाट्याने कमी होते आणि प्रौढ वयात हिप्पोकॅम्पससारख्या मोजक्या जागी उरते. ती माळ तोडण्यात न्यू-४ चा हात असतो, असं उंदरांवरच्या कामात दाखवलं गेलंय. फेट्युइनवर तशी माळ नसते. त्यामुळे 'मेंदूतलं प्रथिनांचं सायलिडेज म्हणजे न्यू-१' असं वाक्य मी लिहिलं नाही. 'फेट्युइनवर' हा शब्द प्रत्येक ठिकाणी ठेवला. मॅडमनी मसुद्यात तो दोन जागी गाळला होता, मी परत घातला.

प्रबंध नोव्हेंबरात सादर केला. साहित्यचोरी तपासणीचा अहवाल, नीतिसमितीच्या मंजुरीची प्रत, ऊती देणाऱ्या प्रकल्पाचा क्रमांक, ग्रंथालयाचं ना-देय प्रमाणपत्र, सगळं जोडलं. मंजुरीची प्रत परिशिष्टात असली तरी पद्धतीच्या प्रकरणातही क्रमांक लिहा. माझी फाईल तेवढ्यासाठी एकदा परत आली.

तोंडी परीक्षा मार्चमध्ये झाली. बाहेरच्या परीक्षकांनी टे-सॅक्सचं उदाहरण उचललं. "ते तर लिपिडाचं आहे. तुमच्या प्रथिनांच्या प्रकरणात त्याचं काय काम?" मी सांगितलं, की एकच एन्झाइम कशावर चालतं यावर त्याचा अर्थ बदलतो, हे दाखवायला ते घेतलंय. त्यांनी मान डोलावली आणि पुढचा प्रश्न विचारला: सी९-बीए-डाना घालूनही ४-एमयू-नानावर जी क्रिया उरते, ती न्यू-३ ची की न्यू-४ ची? या पद्धतीत ते वेगळं करता येत नाही, त्यासाठी ती जनुकं काढून टाकलेल्या उंदरांची ऊती हवी, असं उत्तर दिलं. त्यांनी ते प्रबंधाच्या मर्यादांमध्ये एका परिच्छेदात लिहून द्यायला सांगितलं आणि सुधारणांसाठी महिन्याची मुदत दिली.

तो परिच्छेद लिहून झाला, मंजूर झाला. त्यानंतर दोन कामं उरली होती, जी कुणी आठवण करून देत नाही: नीतिसमितीला प्रकल्प बंद केल्याचा अहवाल, ज्याशिवाय त्याच मार्गदर्शकांचा पुढचा अर्ज अडकतो, आणि आर्सेनाइटच्या नोंदवहीतला शेवटचा ताळा. उरलेली बाटली वजन करून, सही घेऊन परत केली. ४-एमयू-नानाचे काही अलिकॉट (छोटे वाटे) उणे २० अंशांवर, अंधारात, तारखेसह ठेवले आहेत. वापरणाऱ्याने आधी एन्झाइमशिवायचा ब्लँक बघावा. तो चढलेला असेल तर ते टाकून नवीन मागवावेत.